अर्जदाराचा मामा

नोकरीत होतो तोवर लोकांचे अर्ज वाचणं हेच माझं काम. पीककर्ज, विहीर, इंजिन, म्हशी, किराणा दुकान आणि पुढेपुढे फ्लॅट. सातारा जिल्ह्यातल्या निरनिराळ्या शाखांत माझ्या टेबलावरून फायलींचे ढीग गेले. समोरचा माणूस हप्ते भरणार, की वसुलीसाठी आपल्याला त्याच्या बांधावर जाऊन उभं राहावं लागणार, हे मला अर्जाचं दुसरं पान उलटायच्या आत कळायचं. त्यामुळे धाकट्या बहिणीचा न्यू जर्सीहून फोन आला आणि ती म्हणाली, "दादा, हिचं यंदा कॉलेजच्या अर्जांचं वर्ष आहे, घरात नुसता ताण आहे," तेव्हा मी लगेच म्हणालो, "अर्जच ना? येतो मी."

बहिणीचं म्हणणं, तिनं मला बोलावलं नव्हतं, ती फक्त सांगत होती. असेल. इतक्या लांबच्या फोनवर नीट ऐकू येत नाही.

जुलैत पोचलो. बहीण आणि दाजी राहतात ते एडिसन हे गाव थॉमस एडिसनच्या नावाचं. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच गावच्या हद्दीत होती. हा गृहस्थ शाळेत जेमतेम काही महिने टिकला, पुढं आईनंच घरी शिकवलं. आता त्याच्या गावात जिकडेतिकडे क्लासच्या पाट्या आहेत आणि आठवीतल्या पोरांच्या दप्तरात अकरावीचं गणित.

भाचीचे मार्क मी आल्या दिवशीच तपासले. एसएटी नावाच्या परीक्षेत १६०० पैकी १५४०. एपी म्हणून कॉलेजच्या दर्जाचे विषय शाळेतच घेतात, त्यांत ५ पैकी ५, एका ठिकाणी ४. मी चष्मा काढून ठेवला आणि म्हणालो, "मग अडलंय कुठं? यादी कधी लागते?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. यादी लागत नाही, असं कळलं.

माझ्या डोक्यात सांगलीच्या वालचंद कॉलेजच्या भिंतीवरची यादी. बारावीचे पीसीएमचे मार्क, त्यापुढे नाव. बोट ठेवून खाली खाली जायचं. नाव सापडलं तर इंजिनियर, नाही सापडलं तर बी.एस्सी. मला सापडलं नव्हतं, म्हणून तर पुढं बँकेत आलो. पण भिंतीशी भांडता येत नाही, माणूस घरी येऊन जेवायला बसतो. इथं सगळं 'होलिस्टिक'. म्हणजे मार्क बघतात, पण नुसत्या मार्कांवर प्रवेश देत नाहीत. माणूस बघतात, पण माणसाला भेटतातच असं नाही.

१ ऑगस्टला अर्ज उघडला. त्याला कॉमन ॲप म्हणतात. १९७५ मध्ये १५ कॉलेजांनी मिळून एकच अर्ज चालवायचं ठरवलं, आज त्यात हजारावर कॉलेजं आहेत. एक फॉर्म, अनेक शाखा, ही कल्पना मला आवडली. पण आत शिरलो आणि गप्प झालो. ना उत्पन्नाचा दाखला, ना सातबारा. त्याऐवजी, अभ्यासाबाहेर तुम्ही काय काय करता याचे १० रकाने. एकेका रकान्यात वर्णनाला १५० अक्षरं, आणि दोन शब्दांमधली मोकळी जागासुद्धा अक्षर म्हणून धरतात. हे आठवड्याला किती तास करता, वर्षाला किती आठवडे करता. मानसन्मानांचे ५ रकाने वेगळे. मग ६५० शब्दांचा निबंध, त्यात तुम्ही कोण आहात ते सांगायचं. शिवाय कॉलेजागणिक उपनिबंध, शिक्षकांची पत्रं, शाळेतल्या समुपदेशकाचं पत्र.

सतराव्या वर्षी 'तू कोण' असं मला कुणी विचारलं असतं, तर मी वडिलांचं नाव सांगितलं असतं. आणि मोकळ्या वेळात काय करतो ते विचारलं असतं, तर ते वडिलांपासून लपवलं असतं.

दाजींनी एक सल्लागार बाई लावल्या होत्या. एका बैठकीचे त्या जेवढे घेत, तेवढ्यात मी एके काळी म्हशीचं कर्ज मंजूर केलेलं आहे. झूमवर त्यांनी भाचीचा तक्ता पाहिला. गणित, व्हायोलिन, भरतनाट्यम्, डिबेट, रोबोटिक्स, वाचनालयात स्वयंसेवा. बाई फार गोड हसल्या. म्हणाल्या, सुरेख आहे, पण या भागातून अशाच मुलींचे अर्ज पुष्कळ येतात. हिचा स्पाईक कुठाय?

मी कॅमेऱ्याबाहेर बसायचं असं ठरलं होतं. तरी मान आत घातलीच. "स्पाईक म्हणजे?"

सगळ्या बाजूंनी बरा असलेला अर्जदार हल्ली नको असतो, कुठल्यातरी एका बाजूनं टोक काढलेला लागतो, असं बाईंनी समजावलं. मला ते ताबडतोब पटलं. 'शेती, किराणा, थोडं ट्रान्स्पोर्ट' असं लिहिणाऱ्याला आम्हीही जपूनच पैसे द्यायचो. भाचीला मात्र पटलेलं दिसलं नाही. ती म्हणाली, "मामा, मला सगळं थोडं थोडंच आवडतं." हे वाक्य बाईंसमोर बोलू नकोस, असं मी तिला मराठीत बजावलं.

रात्री झोप लागेना म्हणून हार्वर्डवरचा खटला वाचायला घेतला. २०१८ मध्ये बोस्टनच्या कोर्टात तो चालला, आणि शेवटी २९ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टानं, प्रवेश देताना वंशाला वजन द्यायचं नाही, असा निकाल दिला. मला निकालापेक्षा रस होता तो त्या निमित्तानं कपाटाबाहेर पडलेल्या कागदांत. जन्मभर फायली पाहिलेल्या माणसाला दुसऱ्याची फाईल उघडी दिसली की राहवत नाही. अर्जदाराला तिथं अभ्यास, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व असे वेगवेगळे गुण देतात. व्यक्तिमत्त्वाच्या गुणांत आशियाई पोरं सरासरीनं मागं पडत होती, हे फिर्यादींनी आकडे मांडून दाखवलं. मुलाला न भेटता त्याचं व्यक्तिमत्त्व मोजायचं, हे आमच्या हेड ऑफिसलाही कधी सुचलं नव्हतं. आणि भरती केलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, देणगीदारांशी संबंधित मुलं, प्राध्यापकांची मुलं यांना दार जरा जास्तच उघडं. मी दाजींना उठवून सांगितलं, "अहो, हा तर सरळसरळ मॅनेजमेंट कोटा!" दाजी म्हणाले, "दादा, दोन वाजलेत."

या चारांपैकी माझ्या हातात एकच गोष्ट होती. खेळ. ज्या आयव्ही लीगचा एवढा दबदबा, ती मुळात खेळांच्या सामन्यांसाठी १९५४ मध्ये बांधलेली आठ कॉलेजांची मोट. या खेळाच्या वाटेनं भलतीसलती माणसंही आत शिरलीत. २०१९ मध्ये रिक सिंगर नावाच्या सल्लागाराचं प्रकरण फुटलं. ज्यांनी जन्मात वल्हं धरलं नाही अशी पोरं वल्हवण्याच्या यंत्रावर बसवून फोटो काढले, प्रशिक्षकांचे हात ओले केले, आणि मुलींच्या प्रवेशापायी सिनेमातल्या नट्या तुरुंग बघून आल्या. मी त्या थराला जाणार नव्हतो. मी भाचीला खरोखरीचा खेळ शिकवणार होतो, आणि तोही त्या आठ कॉलेजांत कुणी खेळत नसेल असा.

मल्लखांब.

दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी नव्यानं उभा केलेला खेळ. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर त्याची जागतिक स्पर्धासुद्धा झाली. लहानपणी साताऱ्याच्या तालमीत मी मल्लखांब करत असे. करत असे म्हणजे रांगेत उभा असे. नंबर लागायच्या आत अंधार पडायचा.

खरा मल्लखांब शिसवी किंवा सागवानी, वर निमुळता होत गेलेला, मान आणि बोंड असलेला. होम डेपो नावाच्या दुकानात तसला मागितल्यावर त्या मुलानं मला आदरानं कुंपणाच्या खांबांकडे नेलं. त्यातला एक गोल आणि बरा वाटला. एरंडेल ओक ट्री रोडला मिळालं. राहिला खड्डा. अमेरिकेत अंगणात खणायच्या आधी ८११ ला फोन करायचा असतो. मग माणसं येऊन जमिनीखालून तारा आणि नळ्या कुठून गेल्यात त्याच्या रंगीत खुणा करून जातात. हे मला हिरवळीला पाणी घालणारी नळी पहारीनं फोडल्यावर कळलं. कारंजं पुरुषभर उंच उडत होतं आणि दिसायला वाईट नव्हतं. कुंपणापलीकडचे आजोबा कॉफीचा मग घेऊन बघायला आले, ते शेवटपर्यंत थांबले.

नळी दुरुस्त झाली, खांब उभा राहिला, एरंडेल चोळून झालं. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलं. लंगोट कसायला बहिणीनं मनाई केली, म्हणून दाजींची बर्म्युडा. खांबाला नमस्कार केला, हनुमंताचं नाव घेतलं आणि साधी अढी घालायला उडी मारली. अढी म्हणजे खांब पायांच्या कात्रीत धरायचा. मी धरला. पण खांबानं मला धरलं नाही. एरंडेलाचं प्रमाण जरा जास्त झालं असणार. मी जसा गेलो होतो तसाच, हात जोडल्यासारखा, सरळ खाली आलो आणि डाव्या गुडघ्यावर टेकलो.

भाची धावत आली. मी म्हटलं, "हे उतरणं होतं. आता चढणं बघ." पण उठता येईना.

पुढच्या आठवड्यात तिथल्या सोसायटीचं पत्र आलं, मागच्या अंगणात विनापरवाना ध्वजस्तंभ उभारल्याबद्दल. दाजी सहसा शांत असतात, पण कायद्याच्या बाबतीत त्यांना स्फुरण चढतं. घरावर अमेरिकेचा झेंडा लावायला सोसायटीला बंदी करता येत नाही, असा २००६ चा कायदाच आहे म्हणे. ध्वजस्तंभ म्हणताय ना, मग घ्या, म्हणून त्यांनी खांबाला झेंडा लावला. तो एरंडेलावरून घसरून दर सकाळी अर्ध्यावर यायचा आणि देशात कुणी मोठं गेलं की काय, असं त्या आजोबांना वाटायचं. शेवटी झेंडा काढून बहिणीनं तिथं पाखरांच्या दाण्याची टोपली टांगली. इतकी वर्षं खारी तिचे दाणे पळवायच्या. आता एकीलाही वर पोचता येत नव्हतं. सकाळी चहा घेताना मी बघत बसे. खारी खांबाला मिठी मारायच्या, क्षणभर थांबायच्या आणि तशाच खाली यायच्या. त्यांची अढी माझ्यापेक्षा चांगली होती.

भाची खांबाकडे फिरकलीच नाही. तरी मी आशा सोडली नव्हती. सप्टेंबरात तिथल्या मराठी लोकांच्या गणपतीला गेलो. आरती झाली, पडदा वर गेला, आणि मंचावर मल्लखांब! आठ-दहा मराठी मुली, सगळ्या जर्सीतच वाढलेल्या, एकीवर एक फुलासारख्या लागलेल्या. त्यांचे रीतसर वर्ग चालतात, शिक्षक आहेत. शेजारी बसलेल्या एका बाईंना मी विचारलं, यातल्या बारावीला किती आहेत? त्यांनी मुलीकडे बोट दाखवून अभिमानानं सांगितलं, "ही आमची. कॉमन ॲपमध्ये पहिलीच ॲक्टिव्हिटी टाकलीय."

स्पाईक गेला. गुडघा मात्र राहिला, आणि त्यातूनच पुढची वाट निघाली.

२०१६ मध्ये हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्राच्या विद्यालयातून एक अहवाल निघाला होता. उपक्रमांच्या लांबलचक याद्या नकोत, समाजसेवेसाठी पोरांनी परदेशवाऱ्या करण्याचं कौतुक नको, घरातल्यांची काळजी घेणं आणि घराला हातभार लावणं हेही तेवढंच मोलाचं धरा, असा त्याचा सूर. आणि कॉमन ॲपच्या उपक्रमांच्या प्रकारांत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असा एक प्रकार खरोखरच आहे. मला दुसरं काय हवं होतं? भाचीच आता गाडी चालवून मला फिजिओथेरपीला नेत होती. मी रकाना तयार केला: वृद्ध नातलगाची शुश्रूषा, वाहतूक, मनोबल राखणे. आठवड्याला ४ तास. ती वाचून म्हणाली, "मामा, तू वृद्ध नाहीस. तू फक्त पडलास." मी म्हटलं, "तुझ्यासाठीच पडलो ना?" तिनं रकाना पुसला. मी रात्री पुन्हा लिहिला. असं काही दिवस चाललं, मग तिनं पासवर्ड बदलला.

शिक्षकांच्या पत्राचं काम मला सोपं वाटलं होतं, कारण ते सरळ जामीनदाराचं काम. जामीनदाराकडे रिकाम्या हातानं जायची आमच्यात पद्धत नाही. साताऱ्याहून आणलेल्या कंदी पेढ्यांतला एक पुडा मी बाजूला काढून ठेवलाच होता. शाळा सुरू झाल्यावर काठी टेकत टेकत गेलो. अमेरिकेतल्या शाळेचं दार उघडं नसतं. घंटी वाजवायची, कॅमेऱ्याकडे बघायचं, ओळखपत्र दाखवायचं, छातीवर चिकटपट्टी लावून घ्यायची. एवढं करून गणिताचे सर काही भेटले नाहीत. ऑफिसातल्या बाईंनी पुडा दोन बोटांनी उचलून विचारलं, यात शेंगदाणे आहेत? सुकामेवा? घटक कुठं लिहिलेत? ते मराठीत लिहिले होते. मग रंग असा भाजल्यासारखा का, हा प्रश्न आला. पेढ्याला रंग का असतो हे इंग्रजीत सांगता सांगता मागं रांग लागली. तेवढ्यात मधली सुट्टी झाली आणि समोरून भाची मैत्रिणींबरोबर आली. तिनं मला पाहिलं. मी हात केला. ती अशी वळली की जणू तिला त्या भिंतीकडेच जायचं होतं.

संध्याकाळी तिनं नीट समजावलं. पत्रं शिक्षक परस्पर पाठवतात, आणि ती वाचायचा आपला हक्क विद्यार्थी अर्जातच सोडून देतात. म्हणजे गोपनीय अहवालच! हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पुडा वाचला असता. आमच्या बँकेत साहेब दरवर्षी असाच अहवाल लिहायचे. निवृत्तीच्या वेळी माझा एक बघायला मिळाला. 'कामात चोख. न विचारता सल्ला देतात.' एवढंच होतं. त्यावर माझ्या तीन बढत्या कशा झाल्या ते मला कळलेलं नाही.

राहिला निबंध. वंशाचा रकाना आता बघायचा नाही, पण त्याचा आपल्या जगण्यावर काय परिणाम झाला हे मुलानं निबंधात स्वतः लिहिलं तर ते वाचायला हरकत नाही, असं त्याच २०२३ च्या निकालात आहे. याचा मी काढलेला अर्थ असा, की निबंधात संकट पाहिजे. भाचीच्या आयुष्यात संकट शोधायला बसलो. दाताच्या तारा. एका हिवाळ्यात बर्फामुळं गेलेली वीज. "आणि आता तू," ती म्हणाली. यावर ६५० शब्द होईनात.

संकटं आमच्या पिढीकडं पडून आहेत, वापरात नाहीत. म्हणून मी आमचीच काढली. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप, मी सहा वर्षांचा, घोंगडीसकट अंगणात. हे ऐकून भाचीनं विचारलं, यात मी कुठं आहे? मग १९७२ चा दुष्काळ. तिची आई त्याच साली जन्मली, म्हणजे नातं जवळचं. ती दुष्काळी कामं, खडी फोडणारी माणसं, सुकडी आणि रेशनवरची मिलो. मिलो म्हणजे लाल ज्वारी, अमेरिकेतून आलेली. तिच्या भाकरी विटकरी रंगाच्या आणि ताटात वाजणाऱ्या. इथं मला धागा सापडला. मी एका बैठकीत निबंध लिहून काढला. ज्या देशाच्या ज्वारीवर माझ्या आईचं घर जगलं, त्या देशाच्या विद्यापीठात मी आज उभी आहे, असा शेवट. त्याच्याही खाली, वेगळ्या परिच्छेदात, 'आपण अन्न दिलेत, आता प्रवेश द्यावा, ही विनंती.' विनंतीअर्ज असा संपवायचा असतो.

बहिणीनं तो उभ्यानंच वाचला. म्हणाली, "दादा, मी तेव्हा अंगावर पीत होते. मिलो तुझ्या वाट्याची. आणि तूसुद्धा खाल्ली नाहीस. गुपचूप म्हशीला घालायचास, म्हणून आई पाठीत रट्टे द्यायची."

मी म्हटलं, मग निबंध म्हशीच्या तोंडून लिहू का. तो कागद बहिणीनं परत दिला नाही.

ऑक्टोबरात प्रिन्स्टन बघायला गेलो. एडिसनहून आगगाडीनं प्रिन्स्टन जंक्शन, तिथून 'डिंकी' नावाची एवढीशी गाडी, बसेपर्यंत उतरायची वेळ येते. १७४६ पासूनचं कॉलेज, दगडी इमारती, झाडं लाल-पिवळी झालेली. खरं सांगायचं तर मलाच तिथं राहावंसं वाटलं. कॉलेज दाखवायला विद्यार्थीच असतात आणि ते उलटे चालत, आपल्याकडे तोंड करून माहिती सांगतात. माझा गुडघा दुखत होता, त्यामुळं सगळ्यांत मागं मी. पण तो मुलगा उलटा चालत असल्यानं दीड तास माझ्याकडेच बघत होता. शेवटी प्रश्न विचारा म्हणाला. मी विचारलं, "अर्ज नाकारला तर कारण लेखी देता का?" आमच्याकडं छोट्या कर्जदाराला नाही म्हणायचं तर कारण लिहून द्यावं लागे; 'तारण अपुरे' हे मी इतक्या वेळा लिहिलंय की झोपेतही अक्षर चांगलं येतं. तो मुलगा छान हसला आणि म्हणाला, हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. उत्तर त्यानं दिलं नाही, पण भाची तेवढ्यात एका झाडाआड गेली.

परतताना दाजींनी सांगितलं, की काही कॉलेजं म्हणे अर्जदाराला आपल्याबद्दल किती ओढ आहे याचीही नोंद ठेवतात. माहितीपत्रक मागवलं का, आलेला मेल उघडला का, असलं. ओढ दाखवणं हे बसल्याजागी होण्यासारखं काम. भाचीनं मला अमेरिकेत आल्यावर एक ईमेल काढून दिला होता, त्यात नावाच्या जागी तिनं 'मामा' असं टाकलं होतं. त्यावरून मी दिसेल त्या कॉलेजाची माहिती मागवली. जन्मवर्षाच्या यादीत माझं साल शोधायला फार खाली जावं लागायचं, तेव्हा जिथं सोडतील तिथं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवसापासून मेल सुरू झाले. 'प्रिय मामा, तुमच्यात काहीतरी वेगळं आहे हे आम्हाला जाणवलं.' 'मामा, जग बदलण्याची तुमची तयारी आहे का?' 'मामा, आमच्या परिसरात तुम्ही स्वतःला कुठं पाहता?' भाचीच्या नावावर ओढीची एक नोंद झाली नाही, पण इतक्या आपुलकीनं माझ्याशी गेल्या कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं. ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजनं तर सारखा तगादा लावला. साताऱ्याला फोन करून हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "त्यांना तुमचा अहवाल पाठवा."

१ नोव्हेंबरला भाचीनं पहिला अर्ज पाठवला. डिसेंबरच्या मध्यावर उत्तर आलं, की होही नाही, नाहीही नाही, पुढच्या फेरीत बघू. आमच्या भाषेत 'प्रलंबित'. पण प्रलंबित म्हटलं की खाली त्रुटी लिहायच्या असतात, त्या एकही नव्हत्या. मी त्या कॉलेजला पत्र लिहायला बसलो होतो, बहिणीनं माझं परतीचं तिकीट आणून पुढ्यात ठेवलं. व्हिसा तसाही संपत आला होता.

मार्चच्या शेवटी निकाल लागले. तिथं संध्याकाळचे सात, साताऱ्यात पहाटेचे साडेचार. ही चहा करून उशाशी बसली, व्हिडिओ कॉल लावला. नकार. नकार. एका ठिकाणी प्रतीक्षा यादी. रटगर्स विद्यापीठाच्या ऑनर्स कॉलेजात जागा तर आधीच मिळाली होती. आणि मग एक होकार, तोही जिथं शंभरात दहासुद्धा घेत नाहीत अशा कॉलेजातून. नाव सांगायचं नाही अशी भाचीची ताकीद आहे. तिकडं तिघं ओरडत होते. मी विचारलं, "कारण दिलंय का?" नकाराला कारण नव्हतं तसं होकारालाही नव्हतं. अशा वेळी बँकेत ज्याच्या टेबलावर फाईल असेल त्यानं श्रेय घ्यायचं असतं. माझ्या मते गुडघ्यानं काम केलं. तो रकाना शेवटी तिनं ठेवला की काढला, हे ती सांगत नाही. निबंध कशावर लिहिला तेही सांगितलेलं नाही. त्यात मी आहे का, एवढं मी विचारलं होतं. म्हणाली, "मामा, ६५० शब्दांत तू मावत नाहीस."

मे महिन्यात ओहायोचा पुन्हा मेल आला. प्रिय मामा, अजून उशीर झालेला नाही, मुदत वाढवली आहे, अर्जाची फी माफ, निबंध ऐच्छिक. मी सहज उघडून बघितलं. फॉर्म चांगला आहे. दहांपैकी सात रकाने एका दुपारीच भरले. पहिल्या रकान्यात मल्लखांब: अनुभवी खेळाडू व प्रशिक्षक, न्यू जर्सीत स्वखर्चानं खांब उभारला, स्थानिक प्राण्यांनाही लाभ. भाचीला इंग्रजीत करून पाठवलं, बघ म्हटलं.

तिचं उत्तर रात्री आलं. "मामा, १६१ कॅरेक्टर्स होतायत. 'अनुभवी' काढ."

काढला. बसलं.